बर्फावरचा पॉलिशवाला

गाल लावून पाहिल्याशिवाय त्याचा कुठल्याही सपाट वस्तूवर विश्वास बसत नसे. ओटा असो, फरशी असो, दुकानाचं काउंटर असो, तो खाली वाकायचा, डावा गाल दगडाला टेकवायचा, उजवा डोळा मिटायचा आणि इतका वेळ तसाच राहायचा की नवख्या माणसाला वाटावं, याला झोप लागली. मग उठून सांगायचा, "शेठ, पाणी उजवीकडं पळणार."

आणि पाणी उजवीकडंच पळायचं.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात माझी ग्रॅनाइटची शेड होती. किचनचे ओटे, जिन्याच्या पायऱ्या, ऑफिसांचे काउंटर. तो हर्णैकडचा कोकणी मुसलमान, वय एकवीस, अंगाने बांबूसारखा. बापाची मासेमारी होती, पण याला होडी लागायची, म्हणून इकडे पाठवलेला. शेडमध्ये सगळे त्याला 'लेव्हल' म्हणत. पहिल्यांदा आमच्या अल मजाजच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं, तेव्हा हात धुऊन आला आणि बसायच्या आधी आमच्या नव्या जेवणाच्या टेबलावर गाल टेकवून पडला. माझी बायको आमटीचं पातेलं हातात धरून तशीच उभी.

"भाभी," तो म्हणाला, "पातेलं मधी ठेवू नका. आमटी शेठच्या मांडीवर जाईल."

मी म्हटलं, मूर्खपणा करू नकोस. पातेलं मधेच ठेवायला लावलं. त्या दिवशी घातलेली पँट पुढे मी फक्त शेडमध्ये वापरली.

मी रागीट आहे. हे मी म्हणत नाही, माझी गिऱ्हाइकं म्हणतात. पण कारण असल्याशिवाय मी रागावत नाही, आणि या माणसावर रागावायला माझ्याकडे भक्कम कारण आहे. काही वर्षांपूर्वी कॅनडातून एका इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण आलं. त्यात त्याचा मोठा फोटो, हातात ब्रश, पायाशी दगड. मुलीने वाचून दाखवलं. हा खेळाडू कसा घडला याची अख्खी कहाणी होती. हर्णैचा समुद्र होता, आईच्या हातच्या भाकरी होत्या, होडीतली उलटीसुद्धा होती. आणि मी? मी एका वाक्यात होतो. 'वाळवंटातल्या एका वर्कशॉपमध्ये तो दगड घासायला शिकला.'

एका! आणि वाळवंट कुठलं? आमच्या चारी बाजूंना गॅरेजं होती. वाळूचा कण बघायचा तर सिमेंटच्या गोदामात जावं लागायचं. म्हणून खरं काय झालं ते मीच लिहून ठेवतो. वाचा आणि तुम्हीच ठरवा.

आमच्या धंद्यात दोनच कामं. शेडमध्ये दगड घासायचा आणि ऑफिसात गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची. पहिलं तो करायचा, दुसरं मी. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून दिवसभर मी एकच शब्द ओरडायचो, "घास! घास!" त्याने माझा घसा असा तयार झाला होता की घरी मी "मीठ दे" म्हटलं तरी शेजारचा मल्याळी भिंतीवर टकटक करायचा.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. एके दिवशी सव्वासहा फुटी कॅनेडियन साहेब शेडमध्ये आला. दुबईत क्रेनच्या कंपनीत मॅनेजर. बाळाला धरतात तसं टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी त्याने छातीशी धरलं होतं. टॉवेल सोडला तर आत गोल, जाडजूड दगड. वीस किलो तरी असेल. वर किटलीला असतो तसा दांडा.

मी विचारलं, "पिकल?" मला वाटलं, लोणच्याच्या बरणीवर दाबून ठेवायला असावा.

"नो, नो. स्पोर्ट," तो म्हणाला. हा दगड बर्फावरून ढकलायचा. लांब दुसऱ्या टोकाला बर्फात रंगीत वर्तुळं काढलेली असतात. ज्याचा दगड मधल्या ठिपक्याच्या सगळ्यात जवळ, तो जिंकला. दगड सरकत असताना दोन माणसं त्याच्या पुढे धावत ब्रशने बर्फ घासतात, म्हणजे दगड आणखी पुढे जातो. खेळाचं नाव कर्लिंग.

मी ऑफिसच्या पोऱ्याला हाक मारून साहेबाला पंख्याखाली बसवलं आणि थंड लबान, म्हणजे इकडचं ताक, दिलं. मे महिना होता. उन्हाने असं होतं माणसाला.

पण साहेब शुद्धीवर होता. दुबईत बर्फाचं मैदान आहे, तिथे शुक्रवारी सकाळी स्केटिंगवाले यायच्या आधी हे लोक खेळत. खेळाला सोळा दगड लागतात. आठ होते, आठ कुठल्याशा बंदरात हरवले. मला तसेच आठ बनवून हवेत, म्हणाला. भाव काय ठरला ते लिहीत नाही. साहेब अजून हयात आहे, आणि कोणी त्याला हे वाचून दाखवलं तर भांडायला येईल.

एका हॉटेलच्या लॉबीच्या खांबाचा जाड तुकडा माझ्याकडे पडून होता. आठही दगड त्यातून निघाले. घासले अर्थात याने. दगडाच्या पोटाशी बोट फिरवून म्हणाला, "शेठ, ह्यो पूर्ण टेकतच नाय. बांगडीएवढ्या कडेवर चालतो. कड नीट नसेल तर लंगडणार." पंधरा दिवस तो त्या आठ बांगड्या घासत बसला. त्यापायी दोन ओटे लेट झाले. ती शिवीगाळ मी खाल्ली, हेही कात्रणात नाही.

दगड पोचवायला मी त्याला पिकअपमध्ये घेऊन दुबईला गेलो. माझी अकरा वर्षांची मुलगी शुक्रवारी तिथेच स्केटिंगला जायची, तीही बरोबर. आपल्या माणसाने उभ्या जन्मात बर्फ पाहिला होता तो मासळीच्या पाटीत. एवढं मोठं पांढरंशुभ्र सपाट मैदान बघून त्याचे डोळे विस्फारले. आणि तुम्ही ओळखलं असेलच, त्याने काय केलं. चपला काढल्या, गुडघे टेकले आणि गाल बर्फावर.

कॅनेडियन हसायला लागले. एकाने कॅमेरा काढला. हा उठला तेव्हा गालावर लाल चकती उमटली होती. दात वाजत होते. त्या वाजत्या दातांतून म्हणाला, "साब, राइट साइड डाउन."

साहेबाने चेष्टेत लेव्हलची पट्टी मागवली. पट्टी ठेवली आणि साहेबाचं हसू गेलं. दोन वर्षं सगळे दगड उजवीकडे वळत होते आणि दोन वर्षं ते लोक आपापल्या मनगटाला दोष देत होते.

साहेबाने याच्या हातात ब्रश दिला. म्हणाला, मी दगड सोडतो, तू पुढे घास. माझ्या माणसाला घासायला सांगावं लागत नाही. तो असा घासत सुटला की दगड वर्तुळं ओलांडून मागच्या फळीवर धाडकन आपटला. मग साहेब माझ्याकडे वळून म्हणाला, "शुक्रवारी तुमच्याकडे सुट्टी असते ना?"

असं माझा पॉलिशवाला मी माझ्याच गाडीतून नेऊन त्यांना दिला.

पुढच्या शुक्रवारी तो टीममध्ये. आता प्रश्न कपड्यांचा. शारजात लोकरीचा कपडा कोणाकडे असणार? मासळीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये त्याचा गाववाला होता, त्याने आपलं कामाचं जाकीट दिलं. आत मेंढीची लोकर, बाहेर सुरमईचा वास. कानाला माझी महाबळेश्वरची माकडटोपी. तो ब्रश घेऊन धावायला लागला की समोरच्या टीमचे लोक आपोआप दोन पावलं मागे सरकायचे. साहेबाला वाटे, हा दरारा आहे.

पहिल्या सरावाला मी बाकावर बसलो होतो. साहेब, आता त्याला कॅप्टन म्हणू या, लांबच्या टोकाला उभा राहून ओरडू लागला. आणि मी काय ऐकतो?

"हाड! हाड! हाड!"

माझ्या माणसाला! हर्णैहून आणलेल्या, व्हिसा लावलेल्या, माझ्या पोराला हा गोरा कुत्र्यासारखं हाडहाड करतो? डोक्यात तिडीक गेली. चपलांसकट बर्फावर उतरलो. चार पावलं रागाने टाकली. पाचवं टाकायची वेळ आली नाही, उरलेलं अंतर मी पाठीवर पार केलं. कॅप्टनच्या बुटांशी जाऊन थांबलो आणि खालूनच बोट दाखवून गरजलो, "माय मॅन नॉट डॉग! यू हाड! युवर फादर हाड!"

मुलगी स्केट्सवरून सुर्रकन आली. "बाबा, स्टॉप इट! ही इज सेइंग हार्ड. हार्ड! लाइक, जोरात!"

"मग जोरात म्हणायला काय होतं?"

"बिकॉज ही इज कॅनेडियन, बाबा."

तो मला उठवायला आला. टोपीतून फक्त डोळे दिसत होते. म्हणाला, "शेठ, मला पण तसंच वाटलं होतं. पण म्हटलं, एवढ्या लांबून आलेत बिचारे, हाड तर हाड."

हे निस्तरलं, पण खरी भानगड पुढे होती. रुवैसच्या तेल कारखान्यातल्या इंजिनियरांची एक टीम होती. सगळे स्कॉटलंडचे. चार तास गाडी चालवून यायचे, आमच्या लोकांना हरवायचे आणि चार तास गाडी चालवून परत जायचे. त्यांच्याशी याचा पहिला सामना. दगड सुटला, हा घासू लागला. दगडाला पुरेसा वेग आला तेव्हा कॅप्टनने थांबायला सांगितलं. त्यांच्या खेळात थांब म्हणायला एक शब्द आहे, घोड्याला म्हणतात तो.

"व्हो!"

आपल्या माणसाने ऐकलं, हो.

तो जास्त घासू लागला. कॅप्टन ओरडला, "व्हो! व्होओओ!" याला वाटलं, शाबासकी मिळतेय. याने मान वर न करता उत्तर दिलं, "हो! हो!" आणि ब्रशाने बर्फाचा भुगा काढला. कॅप्टन दोन्ही हात वर करून उड्या मारतोय, "व्हो! व्हो!" हा खालून, "हो, हो, हो!" दगड वर्तुळात शिरला, वर्तुळातून निघाला आणि मागे हॉकीची जाळी गुंडाळून ठेवली होती तिच्यात जाऊन बसला. हे सहा वेळा झालं. सहाव्या वेळी स्कॉटलंडचा कॅप्टन भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

"मी थांब म्हणत होतो!" आमचा कॅप्टन म्हणाला.

"साब, आपही तो हो बोला," हा रडवेल्या आवाजात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन माझ्या ऑफिसात आला. याला टीममधून काढावं लागेल, म्हणाला. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या शेडचा माणूस नापास? मी सुलेमानी, म्हणजे कोरा चहा, मागवला, दार लावलं आणि बसलो. आयुष्यात ओट्यांची, कड्यांची, भाड्याची घासाघीस केली, पण शब्दांची घासाघीस ती एकदाच.

मी म्हटलं, "यू गिव्ह मी हार्ड, व्हो. बोथ."

तो म्हणाला, तीस वर्षं मी हेच ओरडतोय. हार्ड देतो, व्हो सोडणार नाही.

मी म्हटलं, व्होनेच घात केलाय, हार्ड तूच ठेव. तो म्हणाला, मग थांबवायला काय ओरडू? मी विचार केला. असा शब्द पाहिजे जो त्यालाही कळेल, यालाही कळेल, आणि ज्याचा अर्थ दोघांच्याही देशात दुसरा काही नसेल. बाहेर ड्रायव्हर फोर्कलिफ्टवाल्याला अरबीत 'चल, चल, बस' असं ओरडत होता. उत्तर दाराबाहेरच उभं होतं.

"घासायचं तर यल्ला," मी म्हटलं. "थांबायचं तर खलास."

कॅप्टनने दोन्ही तोंडात घोळवून बघितले. मग हात पुढे केला. पुढल्या सामन्यापासून बर्फावर "यल्ला! यल्ला! खलास!" सुरू झालं. कोणी मानो न मानो, हा माझा त्या खेळाला हातभार आहे. आणि मी 'एक वर्कशॉप'!

त्यानंतर त्याने मागे पाहिलं नाही. घासणं येत होतंच, आता दगड सोडायला शिकायचं होतं. एका पायावर बसून, दुसरा पाय मागे लांबवून, घसरत जाऊन अलगद सोडायचा. बर्फ शुक्रवारीच मिळायचा, म्हणून त्याने शेडमध्ये सोय केली. ग्रॅनाइट कापताना पाणी आणि भुकटी मिळून जो गुळगुळीत चिखल होतो तो जमिनीवर पसरायचा, ओट्याच्या तुकड्याला ड्रॉवरचं हँडल चिकटवायचं आणि जेवणाच्या सुट्टीत या टोकाहून त्या टोकाला. एक दिवस तुकडा खलास म्हणूनही थांबला नाही. त्या टोकाला एका शेखच्या बाथरूमचा तयार टॉप भिंतीला टेकवून ठेवला होता. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. म्हणजे बोललो, पण ते लिहिण्यासारखं नाही.

"शेठ, मी भरून देतो," तो म्हणाला.

"कशाने भरून देतोस? बर्फाने?"

"नवा करून देतो. माझ्या सुट्टीत." आणि दिला. जुन्याहून बरा. मला ओरडायला जागाच ठेवायचा नाही, ही त्याची वाईट खोड होती.

दुसऱ्या हिवाळ्यात कॅप्टनची बदली झाली, तो कॅनडाला परत चालला. जाण्याआधी एक पत्र घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या गावच्या क्लबला हा मुलगा हवा होता. तिथे बर्फ सांभाळायचा आणि टीममध्ये खेळायचं. सगळी व्यवस्था त्यांची. फक्त मी त्याला सोडायला पाहिजे होतं. त्या काळी कामगारांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात असत, आणि मालकाने व्हिसा रद्द करून मोकळीक दिल्याशिवाय माणूस हलू शकत नसे.

मी नाही म्हटलं. विचार करायला एक सेकंद घेतला नाही. दुसरी शेड उघडायची होती, तिथला फोरमन म्हणून मी त्यालाच धरून ठेवलं होतं. नाव रंगवायचं बाकी होतं.

तो मान हलवून मशीनकडे गेला. पण दुसऱ्या दिवसापासून त्याने गाल लावणं बंद केलं. ओटा घासायचा, पट्टीने लेव्हल बघायचा, "बरोबर आहे शेठ" म्हणायचा. बायको म्हणाली, "पोराचं तोंड बघा जरा. दगड घासता घासता त्यालाच दगड केलात." मी म्हटलं, माझ्याशी नीट बोल. पण त्या रात्रीच्या आमटीला चव लागली नाही.

आठवड्याने तो ऑफिसात आला. उभा राहिला.

"शेठ, शेवटचा सामना रुवैसशी आहे. जिंकलो तर सोडाल?"

मी मनात हिशेब केला. रुवैसला आमची टीम एकदाही हरवू शकली नव्हती. "जिंकलास तर पासपोर्ट घे. हरलास तर ब्रश माझ्या कपाटात आणि तू दुसऱ्या शेडचा फोरमन. पाच वर्षं कॅनडाचं नाव काढायचं नाही."

"पाच नाय. दोन."

"चार."

तो वळला आणि दाराकडे चालू लागला. भाव करताना समोरचा अडला की दाराकडे चालायला लागायचं, ही विद्या मीच त्याला शिकवली होती. माझ्यावरच चालवली! दाराच्या कडीला हात लागला तसा मी ओरडलो, "दोन! मर!"

तो शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजाआधी संपावं म्हणून सामना सकाळी लवकर. मी बायको आणि मुलीसह पुढच्या बाकावर बसलो. खरं सांगतो, ब्रश ठेवायला मी कपाटात जागा करून आलो होतो. पण खेळ चढत गेला. माझ्या खांबाचे दगड स्कॉटलंडच्या दगडांना बाजूला सारत होते, आणि मी मुठी आवळून बसलो होतो. बायकोने विचारलं, "तुम्ही नक्की कोणाकडून?" मी म्हटलं, गप्प बस.

शेवटचा दगड उरला, गुण बरोबरीत. स्कॉटलंडचा एक दगड ठिपक्यापासून वीतभर अंतरावर. आमचा त्याहून जवळ जायला हवा. दगड सोडायला स्वतः कॅप्टन बसला. त्याने तो सुंदर सोडला, आणि सोडता सोडता त्याचा पाय सटकून तोंडावर असा पडला की छातीतली हवाच निघून गेली. तोंड उघडं, आवाज शून्य. दुसऱ्या टोकाला आमचा जो चौथा गडी उभा होता तो पेशाने अकाउंटंट. त्याने आयुष्यात कोणाला मोठ्याने हाक मारली नव्हती. तो कुजबुजला, "यल्ला." बाकावर मला ऐकू आलं नाही, तर बर्फावर काय येणार!

दगड चालला होता. हा ब्रश टेकवून पुढे पळत होता, घासू की नको, घासू की नको, मागे बघतोय, पुढे बघतोय. जोडीचा घासणारा कॅप्टनला उठवायला मागेच थांबलेला, कोणी काही सांगेना. मी तीस वर्षं दगड पाहिलेत. तो दगड कमी पडत होता. स्पष्ट दिसत होतं. हातभर अलीकडे थांबणार. मी फक्त गप्प बसायचं होतं. दुसरी शेड, फोरमन, कपाटातली जागा, सगळं माझं होतं. फक्त गप्प.

"घास!" मी ओरडलो. "अरे घास! घास! घाऽऽस!"

त्याने आवाज ओळखला. खाली वाकला आणि शेडमध्ये घासायचा तसा घासू लागला. सुरमईचा वास बाकापर्यंत आला. दगड ओढल्यासारखा पुढे सरकला.

आता एक नियम सांगायला हवा. दगड वर्तुळाच्या मधली रेघ ओलांडू लागला की समोरच्या कॅप्टनलाही घासायची मुभा असते, म्हणजे तो दगडाला पलीकडे पळवू शकतो. स्कॉटलंडचा कॅप्टन ब्रश रोखून तयार उभा होता. पण तो आणि त्याचे तिघेही तेल कारखान्यातले. आणि त्या बंद हॉलमध्ये कोणीतरी जीव तोडून "गॅस! गॅस!" ओरडत होतं.

चौघांचे ब्रश एकदम खाली पडले. चौघांनी श्वास धरला, नाकं कॉलरमध्ये घातली. कॅप्टनने छताकडे पाहिलं. कारखान्यात वाऱ्याची दिशा बघायला कापडी पिशवी असते, इथे छताला झेंडा लटकत होता, त्याच्याकडे तो बघू लागला. झेंडा हलेना. मग चौघे, घाई न करता, शिकवल्याप्रमाणे एका रांगेत, बाहेरच्या दाराकडे चालू लागले. आणि इकडे आमचा दगड हळूहळू, हळूहळू, मधल्या ठिपक्यावर येऊन थांबला.

कॅप्टनला तेवढ्यात आवाज फुटला. "खलास!" तो म्हणाला.

मी बाह्या सरसावून उभा राहिलो. आता भांडण होणार, आणि भांडणात माझा हात कोणी धरत नाही. रांग दारातून परत आली. मुलीने स्कॉटलंडच्या कॅप्टनला समजावलं, "सर, इट मीन्स रब. इट्स जस्ट माय डॅड." तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले. मग तो बर्फावर बसला आणि डोळे पुसू लागला. दगड परत टाका म्हणाला नाही, तक्रार केली नाही, याचा हात हातात घेऊन हलवला. वर, त्यांच्यात रीत अशी की जिंकलेल्याने हरलेल्याला चहापाणी करायचं. असला उलटा व्यवहार मी कुठे पाहिला नाही. बाह्या खाली करायलाही मला वेळ लागला.

तो माझ्यासमोर आला. टोपी काढलेली, केसांतून वाफ निघत होती. त्याने पासपोर्टचं नाव काढलं नाही.

"शेठ, तुमी कशाला ओरडलात?"

"कशाला म्हणजे? दगड कमी पडत होता."

"पण मग मी..."

"माझ्या शेडचा दगड मधेच थांबतो म्हणजे काय? लोक काय म्हणतील?"

तो ब्रशला चिकटलेला बर्फ बोटाने काढू लागला. बायकोने त्याच्या खांद्यावर आपली शाल टाकली, आणि सुरमईचा वास त्या शालीला कायमचा लागला.

महिन्याभराने मी त्याला व्हिसा रद्द करायच्या अर्जासाठी टायपिंगच्या दुकानात घेऊन गेलो. भर दुपार, रांग नव्हती. टायपिस्ट केरळचा. खटाखट टाइप करत होता. नाव, बापाचं नाव, कामाचा प्रकार. मग थांबला.

"कारण क्या लिखूँ? नौकरी क्यूँ छोड़ रहा?"

"बर्फ घिसने जा रहा है," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं आणि 'वैयक्तिक' असं काहीतरी टाइप केलं. मग पुढची ओळ. "कामगार के खिलाफ मालिक का कोई शिकायत?"

तुम्ही मला आता थोडंफार ओळखता. शेखच्या बाथरूमचा टॉप होता. दोन लेट ओटे होते. एक पँट होती. उघडायची राहिलेली दुसरी शेड होती. माझी पाठ होती, जी थंडीत अजून दुखते. टायपिस्टची बोटं हवेत थांबली होती. हा शेजारी उभा राहून आपल्या चपलांकडे बघत होता.

"लिख," मी म्हटलं. "नहीं है."

खाली दोघांच्या सह्या हव्या होत्या. त्याच्याकडे पेन नव्हतं, मी माझं दिलं. चांगलं होतं, धातूचं, एका सप्लायरने दिवाळीला दिलेलं. त्याने सावकाश सही केली, कागद हातात घेतला, माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला "यल्ला, यल्ला, बस निघेल" म्हणून दारातून बाहेर ढकललं. तो रस्ता ओलांडून गेला. पलीकडच्या फुटपाथवर एकदा थांबला, शर्टाच्या खिशाला हात लावला. पेन खिशातच होतं.

मी त्याला बघत होतो. त्याने वळून पाहिलं असतं तर मी ते मागितलं असतं. तो बसमध्ये चढला.